मेडशीपर्यंतचं पूर्ण तिकीट

आधीच सांगून ठेवते. या लिखाणातली नावं खरी नाहीत. गोपीबाईचं नाव गोपीबाई नाही, आणि ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे त्या वकीलसाहेबांचं तर मी नावच घेणार नाही. तुम्ही कोण, हे कुठे बसून वाचताय, वाचून झाल्यावर कुणाला दाखवणार, मला काय माहीत? ही सवय मूळची माझी नव्हे. त्यांच्या ऑफिसात सहा महिने काढल्यावर लागलेली आहे, आणि तंबाखूसारखी एकदा लागली की सुटत नाही.

वाशीमच्या कोर्टात त्यांना मागून सगळे 'तीनखेपी' म्हणत. कारण ते कुठलीही गोष्ट तीन खेपा विचारत. एका बैठकीत तीनदा नव्हे, तीन वेगवेगळ्या दिवशी. चहावाल्याला सोमवारी विचारायचे, "दूध कोन्या डेअरीचं?" बुधवारी तोच प्रश्न, शनिवारी पुन्हा तोच. चहावाला बिचारा शनिवारी म्हणायचा, "साहेब, म्हशीले घेऊनच येतो उद्या वरती." यावर ते गंभीरपणे विचार करत, की खरंच आणेल का.

फोन उचलला की हॅलो म्हणत नसत. पलीकडचा माणूस आपण कोण ते सांगेपर्यंत हे गप्प. त्यामुळे त्यांना फोन करणाऱ्यांपैकी निम्मे लोक लाइन खराब आहे समजून ठेवून देत. दाराकडे पाठ करून कधी बसले नाहीत. कुठलाही दाखला आला की आधी खिडकीच्या उजेडात धरायचा, मग वास घ्यायचा, मग वाचायचा. एकदा त्यांनी स्वतःच्याच जन्माच्या दाखल्यावर शंका काढली होती. ते मूळचे कारंजा तालुक्यातल्या धनजचे. "ह्या दाखल्यावर ज्या ग्रामसेवकाची सही आहे, थो त्या साली धनजले नव्हताच," मला म्हणाले. "म्हंजे कायद्यानं पाह्यलं तं मी जन्मलोच नाही." हसले नाहीत. दाखला घडी करून परत कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं.

मी त्यांच्याकडे गेले ते इंटर्नशिपसाठी. अकोल्याला लॉ कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. माझी एक मैत्रीण दिल्लीला गेली होती, देश सोडून आलेल्या, आसरा मागणाऱ्या परदेशी लोकांचे अर्ज तयार करायला. तिचे फोटो बघून माझा जळफळाट व्हायचा. आमचे एक सर म्हणाले, "त्याला दिल्ली कशाला हवी? तुमच्या वाशीमलाच सिंधमधून आलेली पाच-सहा घरं आहेत. त्यांचे राहण्याच्या परवानगीचे, नागरिकत्वाचे सगळे कागद एकच वकील करतो. टिकलीस तर शिकशील." 'टिकलीस तर' हे शब्द मी नीट ऐकायला हवे होते.

ऑफिस होतं एका कृषी केंद्राच्या वर. जिना चढताना खाली बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचा वास, वर जुन्या कागदांचा. साहेबांनी माझं कॉलेजचं पत्र खिडकीपाशी नेलं.

"हा शिक्का गोल काहून आहे? मांगच्या वर्षी कॉलेजचा शिक्का लांबोडा होता."

"बदलला असेल, सर."

"कोनं बदलला?"

मला काय ठाऊक? त्यांनी कॉलेजला फोन लावून मी खरीच विद्यार्थिनी आहे का ते विचारलं. तेही अर्थात तीन दिवस. तेवढे तीन दिवस मी जिन्यावरच्या बाकावर. रोज बोलावून एकच प्रश्न, "बापाचं नाव काय? काय करते?" मी मूळची मंगरूळपीरची. आमचं शेत गावाला लागूनच आहे. बाबा त्यात वांगी, मेथी, मिरच्या पिकवतात आणि बाजाराच्या दिवशी स्वतः बसून विकतात. हे मी पहिल्या दिवशी सांगितलं, दुसऱ्या दिवशी सांगितलं. तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं. म्हटलं, "सर, बाप कालचाच आहे. बदलला नाही."

ते पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघत म्हणाले, "चिडली. म्हंजे खरी आहे. ये आत."

आत येऊन पंधरा दिवस मी फाइलींच्या पानांवर आकडे घातले. वाचायची परवानगी नव्हती, नुसते आकडे. निर्वासित हा शब्द तोंडातून गेला तर ओरडायचे. "निर्वासित नाही, अर्जदार म्हण. निर्वासित म्हटलं का लोक कीव करतेत, अन् कीव करनारा कागद वाचत नाही."

एका दिवशी पस्तिशीतला एक माणूस आला. सीमेपलीकडे त्याच्या दुकानाचं काय झालं, भावाला कसं मारलं, रात्रीतून कसे निघाले, असं काही सांगितलं त्यानं, की मी ओढणीनं डोळे पुसले. साहेबांनी त्याला दोन दिवसांनी बोलावलं, मग आणखी चार दिवसांनी. त्यानं तिन्ही वेळा तेच सांगितलं. हुंदकासुद्धा त्याच वाक्यावर आला. साहेबांनी फाइल त्याच्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "दुसरा वकील पाहा, भाऊ."

मी भांडले. सहा महिन्यांत साहेबांशी भांडायची हिंमत केली ती दोनदाच, त्यातली ही पहिली. ते शांतपणे म्हणाले, "तुह्या आजीले विचार, तिचं लगन कसं झालं. दर खेपेले येगळं सांगन. एका खेपेले पाऊस होता म्हनन, दुसऱ्या खेपेले भाकरी करपली म्हनन. कारन थे आठवून राह्यली असते. खरं मानूस आठवते, म्हनून बदलते. लबाड आठवत नाही, पाठ म्हनते."

"म्हणजे ज्याची साक्ष सारखी तो खोटा?"

"माह्यापाशी. कचेरीत उलटं आहे. तिथं दोन खेपा दोन गोष्टी सांगतल्या का तुमी खोटे. म्हनूनच तं माह्यी गरज आहे मंधात."

तो माणूस खरंच खोटा होता की नाही हे मला कधी कळलं नाही. अजून त्याचा चेहरा आठवला की बरं वाटत नाही. दुःख फार वेळा सांगावं लागलं तरी ते पाठ होत असेल ना? हे मी साहेबांना विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

आता गोपीबाईकडे येते. साठीची बाई. अकरा वर्षांपूर्वी नवरा आणि मुलासह सिंधमधून दर्शनाच्या व्हिसावर आली ती परत गेलीच नाही. नवरा इथेच वारला. मुलगा कापडाच्या दुकानात कामाला, ही घरी पापड लाटायची. तिकडच्या तिच्या घरात आता दुसरंच कुटुंब राहत होतं. मायलेकांना राहण्याची परवानगी होती, नागरिकत्वाचा अर्ज शेवटच्या टप्प्यावर होता, आणि त्या परवानगीवर एक अट होती. वाशीम जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायचं असेल तर आधी लेखी मंजुरी घ्यायची. न विचारता गेली आणि सिद्ध झालं तर परवानगीही जाणार आणि अर्जही.

तिची थोरली बहीण अकोल्यात. ती फार आधी आलेली, केव्हाचीच इथली नागरिक झालेली. मंजुरीचा कागद यायला महिने लागत. म्हणून दोघी बहिणी मेडशीला भेटत. वाशीमकडून अकोल्याला जाताना आपल्या जिल्ह्यातलं शेवटचं मोठं गाव ते. एक इकडून एसटीनं यायची, एक तिकडून. स्टँडवर बसून डबा खायच्या, बोलायच्या, रडायच्या, आणि परत आपापल्या एसटीनं आपापल्या जिल्ह्यात.

या भेटींना साहेबांचे नियम होते. जायच्या आदल्या दिवशी सांगायचं. मेडशीच्या पुढचं तिकीट चुकूनही काढायचं नाही. जातानाचं आणि येतानाचं, दोन्ही तिकिटं दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात आणून द्यायची. एसटीच्या मशीनचं तिकीट दोन-चार महिन्यांत पांढरं पडतं, म्हणून त्याची लगेच झेरॉक्स काढायची, आणि ती साहेब एका लाल कापडी बांधणीच्या चोपडीत डकवायचे. आणि सगळ्यांत विचित्र नियम हा, की गोपीबाईनं अर्धं तिकीट घ्यायचं नाही. साऱ्या बायका अर्ध्या तिकिटात जातात, ही मात्र पूर्ण तिकीट मागायची. कंडक्टर हसायचे, बाया हसायच्या.

"अवं मावशे, पन्नास टक्के आहे बायांले!"

"नको भाऊ, मले पूरा दे. वकीलसाबनं सांगितलं आहे."

मी विचारलं तर साहेब म्हणाले, "सवलत बायांले आहे का नागरिक बायांले, हे जीआरमंधी साफ नाही. उद्या कोनी म्हनन, परक्या देशाच्या बाईनं सरकारची सवलत लाटली. कायले जागा ठेवा?"

मला त्या बाईची फार दया यायची. आणि साहेबांचा संशय. होय, संशय. त्यांच्याकडूनच शिकलेला, त्यांच्यावरच चालवला. त्या लाल चोपडीत प्रत्येक अर्जदाराचं एक पान होतं. कोण, कुठे गेलं, किती वाजता, कुणाला भेटलं, काय आणलं. एका दुपारी मी पाणी प्यायला उठले तर आतल्या खोलीत पोलिसांतला एक हवालदार चहा पीत बसलेला, आणि साहेब चोपडीतून त्याला वाचून दाखवत होते. "गोपीबाई, मेडशी, अकरा ते अडीच, भयनीसंगं." हवालदार लिहून घेत होता.

म्हणजे हा माणूस वकील आहे की खबऱ्या? बायका विश्वासानं तिकिटं आणून देतात आणि हा तीच पोलिसांना वाचून दाखवतो?

साहेबांना सरळ विचारावं असं वाटलं नाही. विचारलं असतं तर तिसऱ्या खेपेला का होईना, खरं कळलं असतं. त्याऐवजी मी गोपीबाईच्या घरी गेले. ती अंगणात खाटेवर पापड वाळत घालत होती. मी तिला म्हटलं, "मावशी, साहेबांना तिकिटं देत जाऊ नका. ते पुढे कुठे जातं तुम्हाला ठाऊक नाही. आणि पूर्ण तिकीट कशाला काढता? तुम्ही काय गुन्हेगार आहात? सगळ्या बायांसारखं अर्धं काढा, आणि उतरल्यावर फेकून द्या."

तिनं हातातला पापड खाटेवर पसरला. "तू वकीली शिकून राह्यली ना बेटा? तं मग बरोबरच सांगत असशील," म्हणाली. तिचा माझ्यावर इतका चटकन विश्वास बसला याचा मला तेव्हा आनंद झाला होता, हे लिहितानाही लाज वाटते.

त्यानंतरची तिची पहिलीच मेडशीची फेरी म्हणजे पोळ्याच्या आधीच्या, आमच्या मंगरूळच्या बाजाराचा दिवस. संध्याकाळी अकोल्यात बहिणीच्या नातीचा साखरपुडा होता. गोपीबाईला जाता येणार नव्हतं, म्हणून बहीण सकाळीच नातीला नटवून मेडशीला घेऊन आली. मिठाईचा पुडा, ओवाळणी, सगळं स्टँडवरच झालं. नातीनं फोटो काढला आणि मोबाइलवर स्टेटसला टाकला. फोटोत तीन चेहरे, मिठाई, आणि मागे एसटीचा लाल पत्रा. तो पत्रा काय, अख्ख्या महाराष्ट्रात सारखाच.

पंधरा दिवसांत निनावी अर्ज आला. गोपीबाई विनापरवाना अकोल्याला साखरपुड्याला गेली होती, सोबत पुरावा म्हणून फोटो. चौकशी लागली. साहेबांनी लाल चोपडी उघडली, तर गोपीबाईच्या पानावर त्या तारखेची नोंदच नाही.

मेडशीचा हॉटेलवाला म्हणाला, "येतात त्या दोघी, पन त्याच दिवशी आल्या होत्या का, हे मी शपथेवर कसं सांगू?" साहेब त्या गाडीच्या कंडक्टरला शोधून त्याच्याकडे गेले. तो म्हणाला, "पूर्ण तिकीटवाली मावशी ना? तिले तं मी हजारात वळखीन. पन त्या दिवशी कोन्या बाईनं पूर्ण तिकीट नाही मांगितलं, साहेब." हे ऐकताना मी साहेबांच्या मागेच उभी होते. तेव्हा मला कळलं की त्या वेड्या नियमामुळे ती बाई गर्दीत उठून दिसत होती. मी तिला चारचौघींसारखी केली, आणि कुणाला ती आठवेना.

साहेबांनी गोपीबाईला तीन वेगवेगळ्या दिवशी बोलावलं. टिपणं घ्यायचं काम माझ्याकडे होतं. पहिल्या दिवशी ती म्हणाली, बहिणीनं हिरवी साडी नेसली होती आणि आम्ही चहा घेतला. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "नाही नाही, हिरवी तं मागच्या खेपेले होती. आनी चहा कुठला, बकरीनं मिठाईत तोंड घातलं, तिच्या मागं धावण्यात गाडी आली." तिसऱ्या दिवशी ती साडी आणि बकरी दोन्ही विसरली. म्हणाली, "दीदीची डावी चप्पल तुटली होती, वकीलसाब. हातात घेऊन चालली होती. साखरपुड्याच्या दिवशी अनवाणी. मले इतकं वाईट वाटलं, माझी देऊन टाकली असती, पण पाय मोठा तिचा." आणि रडायला लागली.

साहेब मला म्हणाले, "पेन ठेव. झालं."

मग माझी पाळी. "बाईनं त्या दिवशीचं तिकीट काहून नाही आनलं? तुले काही माहीत?"

"नाही सर, मला काहीच कल्पना नाही."

दोन दिवसांनी पुन्हा. "नाही सर, मला काहीच कल्पना नाही."

तिसऱ्या खेपेला त्यांनी विचारायच्या आधीच मी बोलायला लागले. चोपडी, हवालदार, खाटेवरचे पापड, सगळं उलटसुलट, मधेच रडत. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "पहिल्या दोन खेपा पाठ होतं तुह्यं. मले तवाच समजलं."

"पण तुम्ही हवालदाराला कशाला वाचून दाखवता?" मी विचारलं. ही माझी दुसरी हिंमत.

"त्याले दर महिन्याले अहवाल लिहा लागते. उन्हातान्हात थो हिंडत नाही. कोनाचं तरी आयकून लिहिनच. मंग शेजाऱ्याचं आयकून लिहिन्यापरीस माह्यं आयकून लिहिलेलं काय वाईट?"

एवढं सोपं होतं. मला वाटलं ते मला हाकलतील. त्यांनी एक जुनी फाइल माझ्यापुढे टाकली आणि पानांवर आकडे घालायला सांगितलं. माझा अपराध बोलून दाखवला असता तर मला हलकं वाटलं असतं. तेवढीही सवलत त्यांनी दिली नाही.

दुसऱ्या आठवड्यात साहेबांनी गोपीबाईचं वकीलपत्र सोडलं. आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावच्या एका वकिलाकडे फाइल दिली आणि स्वतः साक्षीदार झाले. स्वतःच्याच पक्षकाराच्या प्रकरणात साक्ष द्यायची तर वकिलाला बाजूला व्हावं लागतं, म्हणून. त्यांचं प्रतिज्ञापत्र मी चौकशी अधिकाऱ्यासमोरच पहिल्यांदा ऐकलं. त्या दिवशी आपण स्वतः मेडशीच्या स्टँडवर, पाण्याच्या टाकीजवळ होतो, असं त्यात होतं.

अधिकाऱ्यानं चष्मा काढला. "वकीलसाहेब, तुम्ही तिथे कशाला?"

साहेब म्हणाले, "मी टाकीच्या सावलीत उभा होतो. अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. बाई तिथंच उतरली, तिथूनच परतली. भयनीच्या हातात डावी चप्पल होती. मी गेलो होतो, कारन माह्या बाईवर इस्वास नव्हता."

खोलीत हशा पिकला. अधिकारी हसला, कारकून हसला, आमचा चहा डेअरीपर्यंत कसा तपासला जातो हे ठाऊक असलेला शिपाईसुद्धा हसला. यात संशय घेण्यासारखं कुणाला काय दिसणार? तीनखेपी वकील आपल्याच अशिलामागे लपतछपत मेडशीला गेला, ही गोष्ट अख्ख्या जिल्ह्यात कुणालाही पटली असती. तीस वर्षं जमवलेलं हसं त्या दिवशी त्यांच्या कामी आलं.

हसली नाही ती एक गोपीबाई. बाहेरच्या बाकावर बसून ती मला म्हणाली, "अकरा वर्षं झाली, याले सगळं सांगते मी. स्वयंपाकात काय केलं तेसुद्धा. तरी हा मागं मागं आला?"

अधिकाऱ्यानं साहेबांना आणखी दोनदा बोलावलं. एकदा लेखी जबाबाला, एकदा वरिष्ठांसमोर. दोन्ही वेळा मी मालेगावच्या वकिलांची फाइल धरून हजर होते. तिसऱ्या वेळी साहेब बोलायला लागले, "मी टाकीच्या सावलीत उभा होतो. अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती..." आणि मी फाइलमधल्या पहिल्या जबाबावर बोट ठेवून ऐकू लागले. शब्दन् शब्द तोच. थांबायच्या जागाही त्याच. त्यात ना बकरी होती ना चहा. वरिष्ठ अधिकारी मान डोलावत होते, की जबाब कसा तिन्ही वेळा तंतोतंत जुळतोय.

त्या रविवारी घरी गेले. बाबा मिरच्यांना पाणी देत होते. माझ्या साहेबांचा विषय निघाला तसे हसायलाच लागले. "तुहा सायेब भेटला होता ना मले. पोळ्याच्या आंधीच्या बाजारात. कोर्टाचं काम होतं म्हने मंगरूळले. किलोभर वांगी घेतली अन् तासभर उभा. एकेक वांगं उजेडात धरून पाहे. तीन खेपा विचारलं, तुमी फलानीचे बाप आहे ना म्हनून!"

"किती वाजता, बाबा?"

"दुपार होऊन राह्यली होती. बारा धर ना."

मंगरूळ कुठे आणि मेडशी कुठे.

सोमवारी ऑफिस उघडल्यावर मी त्यांच्या टेबलासमोर उभी राहिले. म्हटलं, "सर, पोळ्याच्या आधीच्या बाजारात तुम्ही मंगरूळला होता."

"कोन म्हनते?"

"माझे बाबा."

त्यांनी उठून खिडकी उघडली. मग म्हणाले, "वांगी किडकी निंघाली त्यायची. सांग त्यायले."

मी टेबलापासून हलले नाही. तेच पुढे म्हणाले, "बाई खरी आहे. तिन्ही खेपा येगळं बोलली. मले तेवढं पुरे आहे, पन कचेरीले नाही पुरत. तिले पाठ केलेलं लागते. मंग देलं."

"निदान गोपीबाईला तरी सांगू द्या. ती समजते की तुम्ही तिच्यावर पाळत ठेवली."

"समजू दे. खरं मानूस आहे थे. आज सांगतलं तं उद्या तिच्या तोंडून कोठीतरी निंघन. अन् मंग सगळंच गेलं." त्यांनी चोपडी उघडली. "जा, आकडे घाल."

आज मी स्वतः वकील आहे. खोटं प्रतिज्ञापत्र म्हणजे काय, ते मला नीट कळतं. माझ्याकडे कुणी असा सल्ला मागायला आलं तर मी त्याला जिन्यावरून खाली घालवीन. साहेबांनी केलं ते बरोबर होतं असं मी म्हणत नाही. पण ते त्यांना करावं लागलं माझ्या तोंडामुळे, आणि त्यांनी ते मला एकदाही ऐकवलं नाही. या गोष्टीचा मला अजून राग येतो, आणि कुणावर येतो ते सांगता येत नाही.

गोपीबाईची परवानगी टिकली. पुढे तिला नागरिकत्वाचा कागद मिळाला, मुलालाही मिळाला. तिनं सगळ्या ओळखीच्यांना पेढे वाटले. साहेबांच्या ऑफिसात पुडा पाठवला तो मुलाच्या हाती, स्वतः जिना चढली नाही. साहेबांनी एक पेढा उचलून वास घेतला आणि तीन दिवस टेबलावर तसाच ठेवला. मग खाल्ला. गेल्या हिवाळ्यात ते वारले. गोपीबाई त्यांच्या दारापर्यंत आली, बाहेरूनच हात जोडले आणि गेली.

परवा वाशीमहून अकोल्याला निघाले, तर गाडीत तीच. खिडकीची जागा, मांडीवर पापडांची पिशवी. कंडक्टर आला तसं तिनं अकोल्याचं तिकीट मागितलं, अर्धं. माझ्याकडे बघून जरा हसली. गाडी मेडशीच्या स्टँडवर थांबली तेव्हा ती खिडकीतून पाण्याच्या टाकीकडे बघत होती.

"बेटा, एक विचारू? मी त्या दिवशी इथं चांगली दोन-अडीच तास होती. चारी बाजू पाह्यलं. मले तं वकीलसाब कुठं दिसला नाही. तो खरंच आला होता?"

"आले होते मावशी. टाकीच्या सावलीत उभे होते," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. गाडी जिल्ह्याची हद्द ओलांडून पुढे गेली. पातूरला माणसं चढली-उतरली तसं तिनं पुन्हा विचारलं, जरा वेगळ्या शब्दांत. तुटलेल्या चपलेचं तिला आठवलं, नातीच्या बांगड्यांचं आठवलं, आणि मग ती म्हणाली, "म्हणजे आलाच होता ना तो?"

अकोल्याच्या स्टँडवर बहीण काठी टेकून उभी होती. गोपीबाई पिशवी सावरत उतरली, दोन पावलं गेली आणि वळून माझ्यापाशी आली. बोलली काहीच नाही, नुसती बघत राहिली.

"आले होते मावशी. टाकीच्या सावलीत उभे होते," मी म्हटलं. पातूरलाही हेच म्हटलं होतं. तिन्ही वेळा, शब्दन् शब्द तेच.